मॅगॉनगलची कविता श्रोत्यांपुढे कशी वाचावी

विल्यम टोपाझ मॅगॉनगल हा स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातला हातमागावरचा विणकर. 1877 च्या जूनमध्ये, पन्नाशी उलटल्यावर, आपण कवी आहोत असा त्याला साक्षात्कार झाला. 1902 मध्ये एडिनबरात मरेपर्यंत तो लिहीत राहिला, छापून विकत राहिला आणि मिळेल त्या जागी म्हणून दाखवत राहिला. इंग्रजीतला सर्वांत वाईट कवी हा किताब आजही त्याच्याकडेच आहे.

त्याच्या कविता मनातल्या मनात वाचल्या तर तिसऱ्या पानावर जांभई येते. मोठ्याने म्हटल्या की त्याच ओळींना खोली डोक्यावर घेते. त्यामुळे वाचनमंडळात, ग्रंथालयाच्या कट्ट्यावर किंवा परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाच्या एखाद्या संध्याकाळी त्याचा कार्यक्रम करायचा झाला, तर तयारी वाचनाचीच करावी लागते. एक नियम शेवटपर्यंत पाळायचा: वाचणाऱ्याने हसायचं नाही, आणि आपण हसू दाबतोय हेही दिसू द्यायचं नाही. तो माणूस प्रत्येक शब्द मनापासून म्हणत होता. वाचणाऱ्याने डोळा मिचकावला की ती कविता विडंबन होऊन बसते. आचार्य अत्र्यांच्या ‘झेंडूची फुलें’त कवीला आपण काय करतोय हे पुरेपूर ठाऊक आहे, म्हणून तिथे डोळा मिचकावणं शोभतं. इथे अजिबात नाही.

निवड

त्याच्या दोनशेच्या आसपास कविता मिळतात आणि त्यांतल्या बऱ्याच एकमेकींसारख्या आहेत. निवडताना तीन गोष्टी बघा. सुरुवातीलाच महिना, साल, गाव आलं आहे का? यमकासाठी एखादी माहिती ओढूनताणून आणली आहे का? आणि शेवटी कवीने स्वतःचं ठाम मत दिलं आहे का? तिन्ही असतील तर ती कविता चालते. लढायांवरच्या कविता लांबलचक आहेत आणि पहिल्या दोन मिनिटांनंतर त्यांत नवं काही घडत नाही. घ्यायचीच तर एक घ्या. दारूबंदीच्या कवितांचं तसंच. त्या तो दारूच्या गुत्त्यांत जाऊन म्हणायचा, हे सांगितलं की पुरे. कविता वाचायची गरज उरत नाही.

पाऊण तासाच्या कार्यक्रमाचा कणा म्हणजे टे नदीवरच्या रेल्वेपुलाच्या तीन कविता. त्या एकत्र वाचल्या की आपोआप नाटक उभं राहतं. पहिल्या कवितेत तो पुलाची स्तुती करतो. ब्राझीलचा बादशहा वेष बदलून हा पूल बघून गेला, असं सांगतो. मग देव सगळ्या प्रवाशांचं रक्षण करो, इथे अपघात न होवो, अशी प्रार्थना करतो; कारण डंडी आणि मॅग्डलेन ग्रीन या तिथल्या मैदानाच्या जवळ असं काही दिसणं फार भयंकर होईल. पूल 1 जून 1878 रोजी रहदारीला खुला झाला. 28 डिसेंबर 1879 च्या रविवारी रात्री सव्वासातच्या सुमारास वादळात त्याचे मधले उंच गर्डर कोसळले आणि वरची गाडी नदीत गेली. त्यावरची दुसरी कविता हीच त्याची सर्वांत प्रसिद्ध कविता. 1887 मध्ये शेजारी नवा पूल झाला, तेव्हा त्याने तिसरी लिहिली. तीत नव्या पुलाचे विटांचे खांब आणि टेकू यांचं कौतुक आहे, आणि तेरा मधले गर्डर कुठल्याही वादळाला पुरून उरतील अशी खात्री दिलेली आहे.

या तिन्ही एका दमात वाचू नका. पहिली सुरुवातीला घ्या, मध्ये थोडी माहिती सांगा, मग दुसरी. तिसरी अगदी शेवटासाठी राखून ठेवा.

दुसऱ्या कवितेआधीचं निवेदन जपून करा. तिथे खरोखर माणसं मेली होती. कवितेत नव्वद म्हटलं आहे. त्या काळचा अंदाज 75 च्या आसपासचा होता आणि नावानिशी खात्रीने सांगता येतात असे मृत 59 आहेत. हे आकडे आधीच, सरळ आवाजात, एका वाक्यात सांगून टाका. चौकशीत पुलाची आखणी, बांधणी आणि देखभाल तिन्ही वाईट ठरली, आणि इंजिनियर थॉमस बाउच वर्षभराच्या आत वारला, हेही सांगा. असं केलं की श्रोत्यांना नेमकं कशाला हसायचं ते कळतं. हे निवेदन गाळलं की पहिल्या रांगेतला एखादा तरी माणूस अस्वस्थ होतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

कागद कसा तयार करायचा

एक ओळ एका ओळीतच छापा. मॅगॉनगलच्या ओळी वाटेल तेवढ्या लांब होतात. कागद उभा धरून छापलं तर त्या मोडतात, वाचणारा मोडलेल्या जागी श्वास घेतो आणि सगळी गंमत सांडते. कागद आडवा घ्या, अक्षर मोठं ठेवा, ओळींमध्ये भरपूर जागा सोडा. प्रत्येक ओळीच्या शेवटच्या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल करा. श्वास फक्त त्या गोलानंतर.

इंग्रजीतून वाचणार असाल तर सुरुवातीचं कडवं देवनागरीत असं लिहून घ्या:

ब्यूटिफुल रेल्वे ब्रिज ऑफ द सिल्व्हरी टे!
अलास! आय ॲम व्हेरी सॉरी टू से
दॅट नाइन्टी लाइव्ह्ज हॅव बीन टेकन अवे
ऑन द लास्ट सॅबथ डे ऑफ एटीन सेव्हन्टी नाइन,
विच विल बी रिमेम्बर्ड फॉर अ व्हेरी लाँग टाइम.

उच्चारातली अक्षरं मोजली तर पाच ओळींत अनुक्रमे 11, 10, 10, 13 आणि 12 भरतात. पहिल्या तीन ओळी बऱ्यापैकी सारख्या आहेत आणि तिन्हींचं यमक पक्कं आहे. कानाला सवय लागते. चौथ्या ओळीत तारीख घुसते आणि ठेका कोलमडतो. यमकही ‘नाइन’ला ‘टाइम’ असं जेमतेम जुळवलेलं. हा कोसळण्याचा क्षण ऐकू यायला हवा असेल तर पहिल्या तीन ओळी एकसारख्या, घड्याळाच्या ठोक्यावर म्हटल्या पाहिजेत.

इथेच बहुतेक जण चुकतात. लांब ओळ आली की ती भरभर म्हणून आधीच्या ओळीएवढ्या वेळात बसवायचा मोह होतो. तसं केलं की ओळ बरी वाटायला लागते! गती तीच ठेवा. ओळ लांबतेय तर लांबू द्या, यमक उशिरा येतंय तर येऊ द्या. श्रोता यमकाची वाट बघत ताटकळतो आणि शेवटी ते एकदाचं येतं, हसू तिथे आहे.

दुसरी चूक भावनेच्या शब्दांवर जोर देण्याची. ‘अलास’ला आवाज कापरा केला की संपलं. मॅगॉनगलच्या लेखी ‘अरेरे’ आणि ‘अठराशे एकोणऐंशी’ यांचं वजन सारखंच आहे. तारखा, आकडे, गावांची नावं ही सगळी त्याच गंभीर, खणखणीत आवाजात म्हणा. गावच्या सभेत आभारप्रदर्शन करणारा माणूस देणगीदारांची यादी ज्या निष्ठेने वाचतो, तो स्वर नेमका लागू पडतो.

‘व्हेरी लाँग टाइम’ची ओळ या कवितेत चारदा येते. पहिल्यांदा कुणी हसणार नाही. दुसऱ्यांदा खसखस पिकेल. तेव्हा थांबा, हसू पूर्ण ओसरू द्या, खाली कागदाकडे बघत राहा. तिसऱ्या आणि चौथ्या वेळी वेग किंवा स्वर बदलू नका. श्रोतेच ती ओळ तुमच्याबरोबर म्हणू लागतील. म्हणू लागले तर तुम्ही आवाज थोडा खाली घ्या. कविता आधीच छापून हातात देऊ नका. श्रोते पुढचं वाचतात आणि यमक तोंडातून निघण्याआधीच फुकट जातं.

उच्चारांचं थोडं. नाव ‘मगॉनगल’ असं, जोर ‘गॉ’वर. डंडीचा जोर ‘डी’वर. ‘एडिनबरा’चं यमक त्याने ‘सॉरो’शी जुळवलं आहे, म्हणून त्या दोन ठिकाणी ‘एडिनबरो’ म्हणा आणि तेही निःसंकोचपणे. वाऱ्याचा देव ‘बोरिअस’ मध्येच येतो. त्याची ओळख करून देत बसू नका, मॅगॉनगलनेही दिलेली नाही.

मराठीत आणायची झाली तर

मिश्र श्रोत्यांसाठी एक कविता इंग्रजीत आणि बाकीच्या मराठीत, हे प्रमाण बरं पडतं. त्याचं सगळं लेखन स्वामित्वहक्कातून कधीच मुक्त झालं आहे, त्यामुळे भाषांतराला कुणाची परवानगी लागत नाही. अडचण वेगळीच आहे: मराठीत वाईट कविता करणं सोपं आहे, पण मॅगॉनगलसारखी वाईट करणं कठीण.

पहिलं कारण यमक. मराठीत ‘गेली, आली, झाली’ असं क्रियापदाने ओळ संपवली की यमक फुकट मिळतं. मॅगॉनगलला यमक फुकट मिळत नाही. तो त्याच्यामागे धापा टाकत धावतो. म्हणून ओळ नामाने, विशेषणाने किंवा ओढून आणलेल्या ‘रे’ने संपवायची आणि क्रियापदाचं यमक अगदी नाइलाज झाला तरच वापरायचं. दुसरं कारण वृत्त. अभंग, ओवी किंवा मात्रावृत्तात बसवलं की ठेका कवितेला सावरून धरतो आणि ती चक्क बरी होते. मुक्तछंदही नको, कारण तिथे ठेका मोडण्याचा प्रश्नच येत नाही. आधी ठेका दाखवायचा, मग तो मोडायचा. पहिलं कडवं असं होऊ शकतं:

रुपेरी टेवरच्या सुंदर रेल्वेच्या पुला रे!
सांगायला अतिशय वाईट वाटते मला रे,
की नव्वद जिवांवर काळाने घातला घाला रे
अठराशे एकोणऐंशी सालच्या डिसेंबरातल्या अखेरच्या रविवारी,
ज्याची आठवण राहील पुष्कळच काळ सारी.

‘सारी’ला काही अर्थ नाही. ती तिथे फक्त यमकासाठी उभी आहे, आणि तशीच उभी राहिली पाहिजे. मूळ कवितेतही असे भरतीचे शब्द जागोजागी आहेत. ‘डिसेंबरातल्या’ हा शब्द मुळात नाही. मराठी ओळ पुरेशी कोसळत नव्हती म्हणून घातला आहे. अशी भर चालते. ओळ सुबक करण्यासाठी काही गाळणं मात्र चालत नाही.

शेवटच्या कडव्यात तो पूल का पडला याचं कारण सांगतो. दोन्ही बाजूंनी टेकू असते तर मधले गर्डर पडले नसते, असं पुष्कळ शहाणी माणसं म्हणतात. इथे यमकासाठी त्याने अनेकवचनी कर्त्याला एकवचनी क्रियापद जोडलं आहे. मराठीतही व्याकरण मोडायलाच हवं:

मधल्या गर्डरांना दोन्ही बाजूंनी टेकू जर का असता,
असे निदान पुष्कळ शहाणी माणसे कबूल करता,
कारण घरे आपण बांधू जितकी भक्कम,
आपण मरण्याची शक्यता तितकी कम.

‘करता’ ऐकून शिक्षकी पेशातले श्रोते कळवळतात. ‘करतात’ असं दुरुस्त करून वाचू नका. शेवटच्या दोन ओळी सावकाश, एखादा शोध जाहीर करावा तशा म्हणा. त्यांनंतर लगेच काही बोलू नका.

मापं आणि पैसे बदलायचे नाहीत. डंडीच्या देवमाशावरची कविता घेतली तर हा मोह फार होतो. 1883 च्या डिसेंबरात एक देवमासा टे नदीच्या मुखात शिरला. डंडी हे देवमाशांच्या शिकारीचं बंदर, त्यामुळे त्याच्यामागे होड्या लागल्या. तो जखमी होऊन निसटला आणि पुढे समुद्रात मेलेला सापडला. जॉन वुड्स नावाच्या माणसाने तो 226 पौंडांना विकत घेतला आणि तिकीट लावून दाखवला. त्याचा सांगाडा डंडीच्या मॅकमॅनस संग्रहालयात आजही आहे. कवितेत हा भाव येतो, माशाची 40 फूट लांबी येते, शेपटीचं टोकापासून टोकापर्यंतचं 17 फूट 4 इंच हे माप येतं आणि सिक्सपेन्स किंवा शिलिंगचं तिकीट येतं. तेही लोकांची इच्छा असेल तर. फुटांचे मीटर आणि शिलिंगचे रुपये केले की ओळीतला हिशेबनीसाचा नेटकेपणा जातो. सतरा फूट चार इंच हे असंच, इंचासकट म्हणायचं.

गद्याचा तुकडा

सलग कविता वीस मिनिटांपेक्षा जास्त ऐकवू नका. कान बधिर होतो आणि वाईट कविता नुसती वाईट वाटू लागते. मधे गद्य हवं, आणि त्यासाठी मॅगॉनगलच्या आत्मकथनातला बाल्मोरलचा प्रवास आयता आहे. 1878 च्या जुलैमध्ये तो राणी व्हिक्टोरियाला कविता ऐकवायला डंडीहून बाल्मोरलच्या राजवाड्याकडे पायी निघाला. डोंगरांतून सुमारे साठ मैल, वाटेत गडगडाटी वादळ, अंगावर एकही कोरडा धागा नाही. दारावरच्या पहारेकऱ्याने त्याला सांगितलं की राणीचा कवी टेनिसन आहे. मग काहीतरी म्हणून दाखव म्हणाला, तर मॅगॉनगलने बाणेदारपणे नकार दिला: आपण रस्त्यावर खेळ करणारे नाही. पुन्हा इकडे फिरकू नकोस, अशी ताकीद घेऊन तो परत चालत आला. हा भाग सहा-सात मिनिटांत, दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात वाचवून घ्या. एकाच आवाजाला श्रोते कंटाळतात, आणि मुख्य वाचकालाही घोटभर पाणी प्यायला वेळ मिळतो.

महाराष्ट्रातल्या श्रोत्यांसाठी आणखी एक तुकडा हमखास घ्यावा. 1894 च्या डिसेंबरात मॅगॉनगलला एक पत्र आलं. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याच्या दरबारातून, अंदमान बेटांवरून, त्याला ‘नाइट ऑफ द व्हाइट एलिफंट’ असा किताब देत असल्याचं त्यात लिहिलं होतं. कुणीतरी केलेली ती टवाळी होती. मॅगॉनगलने ती खरी मानली आणि पुढे आयुष्यभर नावामागे ‘सर’ लावलं. रत्नागिरीकरांना यातली मेख लगेच कळते: थिबा राजा 1886 पासून रत्नागिरीत नजरकैदेत होता आणि 1916 मध्ये तिथेच वारला. पत्र लिहिणाऱ्याने निदान पत्ता तरी बरोबर टाकायला हवा होता. हा तुकडा सांगताना पत्र शांतपणे सांगून संपवा आणि मग फक्त ‘त्या वेळी थिबा राजा कुठे होता?’ एवढं विचारा. कोकणातला कुणी ना कुणी उत्तर देतोच.

मंचावर

वेशभूषा टाळा. तो स्वतः हायलँडर पोशाखात उभा राहायचा आणि बॅनकबर्नच्या लढाईची कविता म्हणताना तलवार फिरवायचा. पण आज कुणी झगा आणि खोटी तलवार घेऊन आला की श्रोत्यांना पहिल्या सेकंदाला कळतं, हा विनोद आहे. साधे कपडे, एक उभं टेबल, कागद हातात न धरता टेबलावर. माइक असला तर तोंडापासून जरा लांब, म्हणजे जोराचे उच्चार फुटत नाहीत.

श्रोत्यांना काही फेकायला देऊ नका, गमतीने कागदाचे बोळेसुद्धा नाही. डंडीच्या एका सर्कशीत लोकांनी पैसे देऊन त्याच्यावर अंडी, पीठ, बटाटे आणि शिळे पाव फेकावेत असा खेळ चालायचा, आणि त्यासाठी त्याला रात्रीचे पंधरा शिलिंग मिळायचे, असं सांगतात. शेवटी अधिकाऱ्यांनी तो बंद पाडला. ही हकिकत सांगायची असेल तर सगळ्या कविता संपल्यावर सांगा; आधी सांगितली तर पुढच्या प्रत्येक हसण्याला अपराधीपणाची किनार लागते.

कार्यक्रमानंतर एक प्रश्न हटकून येतो: त्याला कळत नव्हतं का? उत्तर दोन वाक्यांत संपवा. काही अभ्यासकांच्या मते तो टवाळी ओळखून होता आणि पोटासाठी भूमिका वठवत होता; बाकीच्यांना तो शेवटपर्यंत प्रामाणिक वाटतो. चार पैशांसाठी दारोदार आपल्या कवितांचे छापील कागद विकणाऱ्या माणसाबाबत या दोन्हींतली सीमारेषा फार बारीक असू शकते. तो गरिबीत मेला आणि एडिनबराच्या ग्रेफ्रायर्स स्मशानभूमीत त्याला बिनखुणेच्या कबरीत पुरलं. डंडीने त्याला नंतर आपलंसं केलं. टे नदीकाठच्या पदपथावर त्याची पुलावरची पहिली कविता कोरलेली आहे.

चहापाणी ठेवणार असाल तर क्रम उलटा ठेवायला हरकत नाही. डंडीत त्याच्या नावाने झालेल्या एका जेवणात सुरुवात कॉफीने आणि शेवट सुरुवातीच्या पदार्थांनी झाला, असं सांगतात. आपल्याकडे आधी चहा, मग वडा आणि शेवटी स्वागत, एवढं सहज जमतं. तिसरी पुलाची कविता मात्र वडे येण्याआधी संपवा, तेलकट हातांनी टाळ्या वाजत नाहीत.